वारा कोपऱ्यावर वळत नाही

शाळेतून फोन आला तेव्हा हवाबाई व्हॅनच्या टपावर उकिडवी बसून हवा ओढणाऱ्या नळीची जाळी घासत होती. हवाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती प्रदूषण नियंत्रण मंडळात हवेची निरीक्षक होती. जुन्या वस्तीतल्या लोकांच्या तोंडात हे एवढं मोठं पद बसेना, म्हणून त्यांनी ते कापून आपल्या मापाचं करून घेतलं होतं.

"बाई, आला!" मुख्याध्यापिका फोनवर ओरडत होत्या. "तोच तो, कुजक्या अंड्यांचा! सहावीतल्या दोन मुली ओकल्या. या वेळी तरी पटकन या!"

हवाबाई शिडीच्या निम्म्या पायऱ्या गाळून खाली आली. व्हॅन चालवणाऱ्या काकांनी अर्धा डबा तसाच झाकला आणि गाडी अशी काही काढली, की मागच्या फडताळातल्या बाटल्या किणकिणायला लागल्या. गाडी कसली, चाकांवरची प्रयोगशाळाच होती ती. आत हवेतला एकेक वायू मोजणारी यंत्रं होती, पडद्यावर रेघा सरकत असायच्या, टपावर वाऱ्याची दिशा दाखवणारं छोटं शेपूट गरगरत असायचं.

शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा मैदानात मुलं नाकाला रुमाल लावून बसली होती. हवाबाईने दार उघडलं, खोल श्वास घेतला. काही नाही. पडद्यावरची रेघ मेल्यासारखी सपाट.

"गेला," एक शिक्षिका हताशपणे म्हणाली. "आत्ता होता. तुम्ही वळणावर आलात आणि गेला."

गर्दीतून वाट काढत एक उंच, ताठ म्हातारी पुढे आली. केस पांढरेशुभ्र, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज खणखणीत. या हवाबाईच्या सासूबाई. शाळेसमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलगा जहाजावर इंजिनिअर, वर्षातला बराच काळ समुद्रावर. सून गावाच्या दुसऱ्या टोकाला सरकारी क्वार्टरमध्ये. "माझ्याकडे चला" असं सून म्हणायची आणि "माझी माणसं इथे आहेत" असं सासूबाई म्हणायच्या, की विषय संपला.

"काय गं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझ्या यंत्राला सर्दी झालीय का?"

लोक हसले. हवाबाईचे कान तापले. तिने कागदावर लिहिलं, 'पाहणीच्या वेळी वास आढळला नाही.' हे वाक्य लिहून लिहून तिला आता त्याचाच उबग आला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत ती तावातावाने बोलत होती आणि साहेब शांतपणे ऐकत होते. साहेब वाईट नव्हते. कोर्टात एकदा तोंडघशी पडलेला माणूस जितका सावध असतो, तितके सावध होते.

"तुमचा संशय कोणावर?"

"पश्चिमेला तीन जागा आहेत, साहेब. चामड्याचा कारखाना, खताचं गोदाम, सांडपाण्याचं पंपघर. वारा बहुतेक वेळा तिकडूनच येतो. मी तिन्ही ठिकाणी जाऊन आले. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात."

"चामडेवाल्यांचं ते वासाचं पाणी?"

"कातड्यावरचे केस काढायला सल्फाइड वापरतात, ते पाणी बंद टँकरने नदीपलीकडच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. टँकर भरताना मी स्वतः उभी होते. फाटकाच्या आत सगळं चोख आहे."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "मग मी नोटीस कोणाला काढू? वाऱ्याला? वास हवेत असताना नमुना आणा, कुठून येतोय ते दाखवा. त्याच दिवशी मी कारखान्याला कुलूप लावतो, शब्द देतो. पुराव्याशिवाय गेलो तर त्यांचा वकील आपली सालटी काढेल."

संध्याकाळी हवाबाई सासूबाईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर वस्तीचा नकाशा पसरून बसली. सासूबाई समोर कांदा चिरत होत्या.

"आई, माझं गणित साधं आहे. वास सुटला की कोणालातरी पहिल्यांदा येतो, मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. मला तो क्रम कळला ना, तर व्हॅन वाऱ्याच्या उलट दिशेने नेत नेत थेट उगमाशी जाता येईल. पण लोक फोन करतात कार्यालयाला. तिथला माणूस नाव विचारतो, पत्ता विचारतो, तक्रार क्रमांक देतो. तोवर सगळं हवेत विरून जातं."

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "लोकांचे फोन एका जागी यायला पाहिजेत, आणि तिथून ताबडतोब तुला. असंच ना?"

"असंच."

"अगं, मग बसलीस काय नकाशात तोंड घालून? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी उभी हयात गेली. या गावातला एकेक माणूस कोणाशी बोलतो ते माझ्या बोटांनी जोडून दिलंय. एका कानात डॉक्टर, दुसऱ्यात बाळंतीण, आणि वर सुपरवायझरची कटकट! मला तू फोन हाताळायला शिकवणार आहेस?"

हवाबाईला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती म्हणाली, "पण आधी नाकांची परीक्षा घ्यावी लागेल. सगळ्यांची नाकं सारखी नसतात."

सुटीच्या दिवशी शाळेच्या सभागृहात परीक्षा झाली. अख्खी वस्ती लोटली. हवाबाईने प्रत्येकासमोर तीन बाटल्या ठेवल्या, दोन नुसत्या पाण्याच्या, एकीत वासाचा इवलासा अंश. वासाची कोणती ते ओळखायचं. न्हाव्याने एकही चूक केली नाही आणि सगळ्या सलूनच्या वतीने कॉलर ताठ केली. बेकरीवाल्याने पाण्याच्या बाटलीला "व्हॅनिला" म्हणून जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोने डोक्याला हात लावला. मुख्याध्यापिका काठावर पास झाल्या आणि विद्यार्थ्यांनी टाळ्या पिटल्या.

मग सासूबाई बसल्या. चुकल्या. हवाबाईने बाटल्यांची जागा बदलली. परत चुकल्या. तिसऱ्यांदा तिने जवळजवळ सगळ्या सभागृहाला वास येईल अशी बाटली पुढे केली. सासूबाईंनी ती हुंगली, बाकीच्या दोन हुंगल्या, आणि चेहरा अगदी स्थिर ठेवून मधल्या बाटलीवर बोट ठेवलं. मधल्या बाटलीत पाणी होतं.

कोणी हसलं नाही. हवाबाई घाईघाईने म्हणाली, "आईंना फोनवर बसायचंय, त्यांची परीक्षा नाहीच धरायची."

घरी आल्यावर तिने दार लावून घेतलं. "कधीपासून?"

"मागच्या थंडीपासून." सासूबाई खिडकीशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या. "आधी वाटलं पडसं असेल. मग एक दिवस दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला, शेजारीण धावत आली, आणि मी तिथेच दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. डॉक्टर म्हणाले, रोज रोज असला वायू नाकात गेला की असं होतं कोणाकोणाला."

"आणि तरी तुम्ही रोज तक्रारी करता? तुम्हाला तर वासच..."

"म्हणूनच करते." सासूबाई वळल्या. "ज्यांना वास येतो ते खिडक्या लावून घेतात गं. मला येत नाही, म्हणून मी लोकांना विचारते आणि फोन फिरवते. माझं नाक गेलं ते गेलं. पण समोर ती चिमणी पोरं रोज तिथे बसतात."

हवाबाईने त्यांचा हात घट्ट धरला, आणि सासूबाईंनी तो थोडा वेळ धरू दिला.

त्यानंतर तयारीला असा जोर चढला की विचारू नका. सासूबाईंनी टेबलावर तीन फोन मांडले, भिंतीवर नकाशा ठोकला आणि वस्तीला नियम घालून दिले. कुठे आहात, वास हलका की उग्र, आत्ता आला की आधीपासून आहे. एवढंच सांगायचं आणि फोन ठेवायचा. तालमीच्या वेळी बेकरीवाला "काय सांगू मावशी, सकाळपासूनच डोकं..." असं सुरू झाला आणि त्यांनी फोन कट केला. शिंपीण आपल्या नणंदेचं काहीतरी सांगायला लागली, तिचाही कट. दोन-चार दिवसांत लोक तारेतल्यासारखं मोजकं बोलायला शिकले.

व्हॅन पश्चिमेच्या हमरस्त्यावर, कारखान्यांच्या तोंडाशी उभी राहायला लागली. वास सुटला की ती पहिल्या घोटाला टिपणार होती.

वासानेही अंत पाहिला. दिवसामागून दिवस गेले. काका स्टिअरिंगवर डुलक्या घ्यायला लागले. साहेबांनी "अजून किती दिवस गाडी अडकवून ठेवायची?" असं दोनदा विचारलं.

आणि मग एका ढगाळ दुपारी हवाबाईच्या कानातल्या फोनमध्ये सासूबाईंचा आवाज कडाडला.

"पहिला! सुतार. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी. उग्र, आत्ता आला."

हवाबाई ताडकन उठली. पडद्याकडे बघितलं. रेघ सपाट. टपावरचं शेपूट वारा पश्चिमेचा असल्याचं सांगत होतं. "आई, टाकीपाशी? नक्की? टाकी तर पूर्वेला आहे!"

"मी आयुष्यात नंबर चुकवलेला नाही. लिही. दुसरा! टाकीच्या उतारावरचा दवाखाना. उग्र. थांब... तिसरा, बेकरी. चौथा पण बेकरीच, त्याची बायको, ती पण तेच म्हणते."

"काका, गाडी सुरू करा!"

"कुठे घेऊ?"

"माहीत नाही! वस्तीत घ्या!"

व्हॅन हमरस्त्यावरून गर्रकन वळली. हवाबाई एका हाताने फडताळ धरून दुसऱ्या हाताने नकाशावर लाल ठिपके देत होती. वारा इकडून तिकडे, आणि वास तिकडून इकडे. वाऱ्याच्या तोंडावर चालून येणारा वास! सगळं गणितच उलटं पडत होतं, पण काहीतरी हाताला लागतंय हे तिला आतून कळत होतं.

"पाचवा, सलून," सासूबाई सांगत होत्या. "आता गंमत ऐक. बेकरी आणि सलूनच्या मधल्या गल्लीत शिंपीण बसते. मीच तिला फोन लावला. ती म्हणते काही नाही, खिडक्या सताड उघड्या आहेत! दोन्ही बाजूंना हाहाकार आणि ही निवांत मशीन चालवतेय. सहावा! सलूनच्या पुढचा औषधवाला. अगं, हा वास पोस्टमनसारखा चाललाय बघ. टेकडीवरून उतरला, बेकरीशी डावीकडे वळला, मोठ्या रस्त्याने गेला, सलूनशी उजवीकडे. मधली गल्ली सोडली. आता शाळा येईल बघ, आलीच... हां, मुख्याध्यापिका! शाळा!"

हवाबाईच्या हातातला लाल पेन थांबला.

ठिपके जोडले तर नकाशावर जिना उतरल्यासारखी रेघ दिसत होती. काटकोनात वळणारी.

"वारा कोपऱ्यावर वळत नाही," ती पुटपुटली. मग ओरडली, "आई! वारा कोपऱ्यावर वळत नाही! काका, गाडी थांबवा, थांबवा!"

काकांनी ब्रेक लावला. ती खाली उडी मारून रस्त्याच्या मधोमध असलेल्या गटाराच्या लोखंडी झाकणापाशी गेली. गळ्याशी अडकवलेलं वायुमापक झाकणाजवळ नेताच चिरकायला लागलं. आणि तो वास! इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या नाकात तो सरळ घुसला, तिला ओकारी आली आणि त्याच क्षणी आनंदाने किंचाळावंसंही वाटलं.

"हवेतून येतच नाहीये तो! पावसाळी गटार! टेकडीवरून निघतं, मोठ्या रस्त्याखालून जातं, नदीत पडतं. मधल्या गल्लीत गटारच नाही, म्हणून शिंपिणीला वास नाही! कोणीतरी वर, टाकीच्याही वर, काहीतरी ओततंय. आत्ता, या क्षणी ओततंय! आई, टाकीच्या वर काय आहे?"

सासूबाई म्हणाल्या, "बंद पडलेली दगडखाण. आणि तिच्या तोंडाशी टँकर धुवायचं आवार."

व्हॅन टेकडी चढताना काकांनी आयुष्यात वाजवला नसेल एवढा हॉर्न वाजवला. हवाबाई मागे हेलकावे खात पाठीवर हवेचं नळकांडं चढवत होती, नमुन्याच्या बाटल्यांची पेटी पायात धरून ठेवत होती आणि साहेबांना फोनवर सांगत होती, "साहेब, निघा! कुलूप घेऊन निघा!"

आवाराचं फाटक उघडंच होतं. आत पिवळ्या तोंडाचा टँकर उभा होता आणि त्याचा जाड पाइप जमिनीतल्या उघड्या गटारात सोडलेला होता. गढूळ, राखाडी पाणी धो धो आत जात होतं. पकडलं! पकडलं! हवाबाईने व्हॅनचं दार उघडलं.

गटाराच्या काठावर एक माणूस पालथा पडला होता. डोकं आणि एक हात आत लोंबत होता. टँकरचा क्लीनर असावा. अडकलेला पाइप सोडवायला वाकला असणार. ड्रायव्हर चार पावलांवर थिजून उभा होता.

काका धावणार तेवढ्यात हवाबाईने त्यांचा शर्ट मागून धरला. "अजिबात नाही! एका श्वासात तुम्ही पण पडाल. या वायूने जोराचा तडाखा दिला की नाकाला वासही कळत नाही. मागे व्हा, वाऱ्याच्या बाजूला!"

तिने मुखवटा चढवला, पट्टे ओढले आणि पुढे गेली. वायुमापक कर्कश ओरडत होतं. मुखवट्याच्या काचेतून तिला स्वतःचाच श्वास भात्यासारखा ऐकू येत होता. तिने त्या माणसाच्या पट्ट्यात दोन्ही हात घातले आणि ओढलं. हलेना. अंगाने आडदांड होता. तिने पाय गटाराच्या दगडी काठाला टेकवले, पाठ मागे टाकली आणि पुन्हा ओढलं. तो इंचभर सरकला, मग हातभर, आणि मग एकदम बाहेर आला, तशी ती त्याच्यासकट मागे आपटली. तिथून त्याला फरफटत वाऱ्याच्या बाजूला आणलं, तेव्हा काकांनी त्याचे पाय उचलले.

त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. श्वास चालू नव्हता. हवाबाईने मुखवटा काढून फेकला, त्याच्या छातीवर हात ठेवले आणि दाबायला लागली. व्हॅनमधल्या पेटीत तोंडावर धरून श्वास द्यायचा फुगा होता, तो काकांनी धरला.

तेवढ्यात पाठीमागे इंजिन गुरगुरलं. थिजलेला ड्रायव्हर जागा झाला होता. टँकर पाइप फरफटवत, पाणी सांडत फाटकातून बाहेर पडला.

"मॅडम, पळाला! पुरावा पळाला!" काका ओरडले.

"जाऊ दे! दाबत राहणं महत्त्वाचं!" कानातला फोन अजून चालूच होता. छाती दाबता दाबताच ती धापा टाकत म्हणाली, "आई! रुग्णवाहिका पाठवा, टँकर आवारात. माणूस पडलाय. आणि टँकर पळाला, पिवळ्या तोंडाचा, उतारावरून खाली..."

"येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जी धार होती, ती सुनेने याआधी कधी ऐकली नव्हती.

मग त्या छातीखाली काहीतरी हललं. क्लीनर खोकला, एकदा, दोनदा, आणि एवढा मोठा श्वास ओढला की काका दचकून मागेच पडले. पुढच्या क्षणी काका रडत होते आणि हसत होते, आणि हवाबाई जमिनीवर बसून त्या अनोळखी माणसाचा गाल थोपटत "घे, घे, असाच घे" म्हणत होती.

रुग्णवाहिका आली, क्लीनरला घेऊन गेली. हवाबाईने लगेच गटारातलं पाणी बाटल्यांत भरलं, वरची हवा खास पिशवीत ओढून घेतली. एक थेंबही सांडू दिला नाही. मग व्हॅन खाली निघाली.

शाळेच्या चौकात त्यांना जे दिसलं, ते वस्तीतली माणसं आजही हातवारे करून सांगतात. शाळेची बस रस्त्यात पुरती आडवी उभी होती. ड्रायव्हरच्या जागेवर स्वतः मुख्याध्यापिका, गळ्यात शिट्टी. बसच्या या टोकाला बेकरीवाल्याची हातगाडी, त्या टोकाला न्हाव्याच्या खुर्च्या. आणि या सगळ्याच्या अलीकडे पिवळ्या तोंडाचा टँकर, मागे पुढे कुठेच जाता येत नाही असा अडकलेला.

लोकांनी ड्रायव्हरला खाली खेचलं होतं. कोणीतरी हात उगारला होता. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून सासूबाई जिना उतरून आल्या, एका हातात अजून फोन.

"खबरदार!" त्यांच्या आवाजाने अख्खा चौक गप्प झाला. "त्याला कोणी बोट लावायचं नाही. तो आपला साक्षीदार आहे. त्याला पाणी द्या आणि सावलीत बसवा."

ड्रायव्हर खाली बसला आणि ओंजळीत तोंड लपवून म्हणाला, "तो... तो मेला का?"

"जिवंत आहे," हवाबाई म्हणाली. "आम्ही ओढला बाहेर."

तो हमसून हमसून रडायला लागला, आणि मग कोणी न विचारता बोलायला लागला. चामड्याच्या कारखान्याचं पाणी भरायचं, पण नदीपलीकडच्या केंद्रात रांग लागते म्हणून वाहतूकवाला मालक सांगायचा की टेकडीवर ओतून मोकळे व्हा. धातू धुणाऱ्या कारखान्याचे आम्लाचे टँकरही तिथेच यायचे.

"आणि दोघांची गाठ गटारात पडायची," हवाबाई म्हणाली. "सल्फाइडला आम्ल भेटलं की हाच वायू सुटतो."

साहेब पोचले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने चिंब झाला होता. त्यांनी सीलबंद बाटल्या पाहिल्या, अडकलेला टँकर पाहिला, बस चालवणाऱ्या मुख्याध्यापिकांना पाहिलं, आणि व्हॅनच्या बॉनेटवरच कागद ठेवून आवार बंद करण्याच्या आदेशावर सही ठोकली. त्या दिवशी मावळतीच्या आत आवाराची वीज तुटली आणि फाटकाला मंडळाचं सील लागलं.

पुढे सुनावणी झाली. वाहतूकवाल्याचे मोठे वकील आले. पण नमुने बोलत होते, ड्रायव्हर बोलत होता, आणि बरा झालेला क्लीनर काठी टेकत येऊन स्वतः बोलला. वाहतूकवाल्याचा परवाना गेला. आपलं पाणी फाटकाबाहेर पडल्यावर कुठे जातं याची चौकशी न केल्याबद्दल दोन्ही कारखान्यांनाही टाळं लागलं, आणि कारखान्यातच स्वतःचं शुद्धीकरण केंद्र उभारल्यावर ते निघालं. मंडळाने प्रत्येक टँकरवर त्याचा माग दाखवणारं यंत्र सक्तीचं केलं, गटारांच्या तोंडांशी वायुमापकं बसवली. साहेबांनी सासूबाईंना कार्यालयात बोलावून तक्रारी घेणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांना त्यांच्यासमोर बसवलं. पहिल्याच तासाला त्यांनी दोघांना "पाल्हाळ लावता" म्हणून उठवलं.

नाकाबद्दल डॉक्टर म्हणाले, येईलही थोडंफार, नाहीही येणार. सासूबाईंनी तो विषय तिथेच मिटवला आणि सुनेला एवढंच सांगितलं, "स्वयंपाकघरात एक धुराची घंटा लावून दे. मोठ्या आवाजाची."

पावसाळा उलटून गेल्यावर मंडळाची माणसं नदीवर गेली, गटार जिथे नदीला मिळतं त्या जागी. तिथे वर्षानुवर्षं काळा गाळ आणि त्यात वळवळणारे लाल किडे याशिवाय काही नसायचं. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या. पाण्यातल्या जिवांचा अभ्यास करणारी मंडळाची तरुण संशोधक गुडघाभर पाण्यात उभी राहून बारीक जाळी फिरवत होती. साहेब काठावर बूट हातात घेऊन उभे होते.

तिने जाळी उलटी करून पांढऱ्या ताटात झटकली, आणि एकदम ओरडली, "मॅडम! मॅडम, इकडे या!"

हवाबाई पाण्यातून धावतच गेली. ताटात नखाएवढा, तीन केसाळ शेपट्यांचा एक किडा कडेकडेने झरझर पळत होता.

"ही मेफ्लायची, स्वच्छ पाण्यातल्या एका नाजूक माशीची अळी," संशोधक म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "घाण पाण्यात हिचा टिकाव लागत नाही. ऑक्सिजन कमी पडला की पहिली हीच मरते. इथे ही मिळाली ही गोष्टच..." वाक्य अर्धवट टाकून तिने परत जाळी टाकली. या वेळी ताटात दोन होत्या. मग चार.

"नीट बघा, दुसरं काही असेल," साहेब काठावरून म्हणाले, आणि बूट टाकून पँट न दुमडताच पाण्यात शिरले.

"साहेब, शेपट्या मोजा! तीन आहेत!"

"मला भिंग द्या," सासूबाई काठावरून हात लांब करत म्हणाल्या. "अगं, सरका जरा, सगळे तिच्या उजेडात उभे राहिलात! मला बघू द्या ना तिला!"

हवाबाई ताट दोन्ही हातांत धरून, पाणी हिंदकळू न देता, काठाकडे चालत निघाली.